स्वस्तातला गेमिंग पीसी जुळवताना मदरबोर्ड केवढा घ्यायचा?

गेम सेकंदाला किती फ्रेमनी पळेल, हे मदरबोर्डच्या लांबीरुंदीवर ठरत नाही. तोच प्रोसेसर, तेच ग्राफिक्स कार्ड आणि तीच रॅम मोठ्या बोर्डावर लावा की छोट्या, आकडा जवळपास सारखाच येतो. तरी आकाराचा विचार आधी करावा लागतो. बोर्डावर किती पैसे जातील, दोन वर्षांनी त्यात काय वाढवता येईल आणि कुठलं कॅबिनेट लागेल, हे तिन्ही त्यावर अवलंबून असतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. हात राखून खर्च करणाऱ्या बहुतेकांनी मायक्रो-एटीएक्स घ्यावा आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत. हा सल्ला कुठलाही दुकानदारही देईल. तो सहसा सांगत नाही ते हे, की मायक्रो-एटीएक्स म्हणून काउंटरवर दोन अगदी वेगळ्या लायकीचे बोर्ड ठेवलेले असतात. खरी निवड त्या दोघांमध्ये करायची असते.

मापं

एटीएक्स हा आकार इंटेलने १९९५ साली आणला. त्याचं माप ३०५ × २४४ मिलिमीटर. १९९७ मध्ये त्याचाच धाकटा भाऊ मायक्रो-एटीएक्स आला, तो २४४ × २४४. मिनी-आयटीएक्स तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ मध्ये काढला, तो १७० × १७०. याहून मोठा ई-एटीएक्सही असतो, पण आपल्या बजेटात तो येत नाही, म्हणून त्याला इथेच रामराम.

मागच्या पोर्टांची जागा, विस्तार-स्लॉटांमधलं (म्हणजे ग्राफिक्ससारखी कार्डं खोचायच्या खाचांमधलं) २०.३२ मिलिमीटरचं अंतर आणि स्क्रूची बरीचशी भोकं या तिन्ही आकारांत एकाच आखणीतून आली आहेत. त्यामुळे लहान बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये निवांत बसतो. मोठा बोर्ड लहान कॅबिनेटमध्ये मात्र कसाही फिरवला तरी जात नाही.

आता जाहिरातीत न दिसणारी गोष्ट. २४४ × २४४ ही मायक्रो-एटीएक्सची कमाल मर्यादा आहे. त्याहून कमी रुंदीचा बोर्डही त्याच नावाने विकला जातो. एच६१०, ए५२०, ए६२० या चिपसेटांचे (चिपसेट म्हणजे बोर्डावर काय काय चालेल हे ठरवणारी चिप) सर्वांत स्वस्त बोर्ड बघा. त्यांतले बरेचसे १७ ते २० सेंटीमीटर रुंदीचेच असतात. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात ‘फॉर्म फॅक्टर’ अशी ओळ असते आणि तिथे मिलिमीटरमध्ये माप दिलेलं असतं. खरेदीआधी ती ओळ वाचाच. पुढे मी यांना ‘अरुंद मायक्रो’ आणि ‘पूर्ण मायक्रो’ म्हणणार आहे.

पायरी १: बोर्डात काय काय खोचायचंय ते लिहून काढा

एक कागद घ्या आणि आज लागणाऱ्या आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत खरोखर घेणार असाल त्या वस्तू लिहा. खरोखर म्हणजे खरोखर. ‘कधीतरी कॅप्चर कार्ड घेईन’ हे लिहू नका.

गेमिंग पीसीची यादी साधारण अशी निघते: एक ग्राफिक्स कार्ड, रॅमच्या दोन पट्ट्या, एक एनव्हीएमई (वेगवान, थेट बोर्डात बसणारी) एसएसडी, पुढेमागे दुसरी एसएसडी, कदाचित एक जुनी साटा (केबलने जोडायची) हार्डडिस्क, वायफायची सोय आणि कॅबिनेटचे तीन-चार पंखे. यात एकच गोष्ट मोठ्या स्लॉटची आहे, ते ग्राफिक्स कार्ड. दोन ग्राफिक्स कार्डं जोडून खेळण्याचे दिवस गेले. आजच्या गेमिंग कार्डांत ती सोयच उरलेली नाही. एटीएक्स बोर्डावरचे सातपर्यंत विस्तार-स्लॉट हे त्या काळातल्या साउंड कार्ड, मोडेम, टीव्ही ट्यूनरच्या गरजेतून आले. आपल्या यादीला मायक्रोचे चारपर्यंत स्लॉट पुरून उरतात. निदान कागदावर तरी, कारण त्यातही एक गोम आहे आणि ती वायफायजवळ येते.

पायरी २: आधी प्रोसेसर, मग चिपसेट, मग आकार

पुष्कळ जण बोर्डाचा फोटो बघून सुरुवात करतात. क्रम उलटा ठेवा. प्रोसेसर ठरला की सॉकेट (तो बोर्डावर बसायची जागा) ठरतं, सॉकेटवरून चिपसेटचे दोन-तीन पर्याय उरतात आणि आकाराचा प्रश्न त्यानंतर येतो.

एएमडीच्या एएम४ सॉकेटवर ए५२० आणि बी५५० हे कामाचे चिपसेट. रॅम डीडीआर४. एएम५ वर ए६२०, बी६५० आणि त्यांच्यानंतर आलेले, रॅम फक्त डीडीआर५. इंटेलच्या एलजीए १७०० वर १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीचे प्रोसेसर बसतात. तिथे एच६१०, बी६६०, बी७६० आहेत आणि एकाच चिपसेटचे बोर्ड डीडीआर४ व डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे असतं आणि घरी आणलेली रॅम स्लॉटात बसत नाही. म्हणून बिल करण्याआधी डब्यावर रॅमचा प्रकार वाचून घ्या.

एच६१० वर डीडीआर४ रॅम ३२०० या वेगाच्या वर पळत नाही आणि चिपसेटच दोन पट्ट्यांपुरता मर्यादित आहे. ३६०० ची महाग रॅम घेऊन तिथे लावणं म्हणजे वरचे पैसे पाण्यात. बी६६० आणि बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो.

इथेच एक सापळा आहे. एच६१ आणि एच६१० यांत फक्त एका शून्याचा फरक दिसतो, पण एच६१ हा २०११ चा चिपसेट आहे आणि एच६१० आला २०२२ मध्ये. नव्या डब्यातला, कधी न ऐकलेल्या नावाचा एच६१ बोर्ड आणि त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय५ असे ‘गेमिंग कॉम्बो’ ऑनलाइन आणि बाजारात अजून विकले जातात. किंमत बघून तोंडाला पाणी सुटतं. पण विंडोज ११ ला त्यांची अधिकृत साथ नाही. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात, म्हणजे तोही हुकला. त्या सॉकेटला पुढचा रस्ताही नाही. दूर राहा.

पायरी ३: अरुंद की पूर्ण?

या पायरीवर सावकाश विचार करा, कारण बहुतेकांची पुढची कटकट इथल्याच घाईतून येते.

अरुंद मायक्रोवर सहसा रॅमचे दोनच स्लॉट असतात. त्यात वाईट काही नाही, फक्त रॅम घेताना डोकं चालवावं लागतं. १६ जीबी हवी असेल तर ८-८ च्या दोन पट्ट्या घेतल्या की ड्युएल चॅनल मिळतं (दोन्ही पट्ट्या एकदम काम करतात), पण दोन्ही स्लॉट भरतात. उद्या ३२ करायची झाली तर दोन्ही काढून विकाव्या लागतील. आज १६ ची एकच पट्टी लावून पुढे दुसरी घालायची, असा मध्यममार्ग काही जण काढतात. ग्राफिक्स कार्ड वेगळं असेल तर काही महिने ते खपून जातं. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी सारख्या, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळणार असाल तर मात्र हा मार्ग नको. ते ग्राफिक्स रॅमच्याच जोरावर चालतं आणि एका पट्टीवर त्याचा दम निघून जातो.

दुसरा फरक एम.२ स्लॉटचा, म्हणजे एनव्हीएमई एसएसडी बसायच्या जागेचा. अरुंद बोर्डावर बहुधा एकच असतो. त्यात ५०० जीबीची एसएसडी टाकली आणि दोन मोठे गेम उतरवले की जागेची ओढाताण सुरू. मग एक तर साटा एसएसडी जोडायची किंवा पहिली काढून नवी घालून विंडोज पुन्हा टाकायचं. अरुंद बोर्डच घेणार असाल तर पहिलीच एसएसडी १ टीबीची घ्या.

तिसरा, पंख्यांच्या जोडण्या. सर्वांत स्वस्त बोर्डांवर प्रोसेसरच्या पंख्यासाठी एक आणि कॅबिनेटसाठी अनेकदा एकच जोडणी मिळते. तीन पंखे असतील तर स्प्लिटर किंवा हब लागतो. ते स्वस्तात मिळतात, पण एका जोडणीवर सहसा एकच अँपिअर भार चालतो, हे स्प्लिटर लावताना लक्षात असू द्या. रंगीत दिव्यांचे पंखे असतील तर आणखी एक बघा. तीन पिनांची ५ व्होल्टची एआरजीबी जोडणी वेगळी आणि चार पिनांची १२ व्होल्टची आरजीबी वेगळी. ५ व्होल्टचे दिवे १२ वर लावले तर ते जळतात.

चौथी गोष्ट हाताला जाणवते. अरुंद बोर्डाची उजवी कड कॅबिनेटमधल्या स्टँडऑफपर्यंत (बोर्ड ज्यांवर टेकतो त्या खुंटांपर्यंत) पोचतच नाही, ती अधांतरी राहते. आणि नेमकी त्याच कडेला रॅम बसते आणि बोर्डाला वीज देणारी २४ पिनांची जाड केबल खोचावी लागते. दाबलं की बोर्ड वाकतो. उपाय सोपा आहे: रॅम, प्रोसेसर आणि एम.२ बोर्ड बाहेर टेबलावर असतानाच लावा. २४ पिनांची केबल खोचताना कडेला खालून बोटाचा आधार द्या.

पूर्ण मायक्रोवर, विशेषतः बी५५०, बी६५०, बी७६० च्या बोर्डांवर, चार रॅम स्लॉट, दोन एम.२ आणि पंख्यांच्या दोन-तीन जोडण्या सर्रास मिळतात. अर्थात बी७६० लिहिलेला अरुंद बोर्डही असतो, म्हणून नावावर न जाता माप आणि स्लॉट मोजा.

माझा हिशेब असा. रायझन ५ ५६०० किंवा आय३-१२१००एफ घेताय, पीसी आहे तसाच तीन-चार वर्षं वापरायचाय, तर अरुंद बोर्ड पुरेसा आहे आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डाकडे वळवा. टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचं असेल, आज आय५ आणि पुढे त्याच सॉकेटवर मोठा प्रोसेसर असं मनात असेल, तर पूर्ण मायक्रोच घ्या. एकूण बजेटच्या दहा-पंधरा टक्क्यांपलीकडे मात्र बोर्डावर खर्च करू नका.

पायरी ४: ग्राफिक्स कार्डाची रुंदी मोजा

बजेटमधली बरीच ग्राफिक्स कार्डं दिसायला सोळा लेनच्या (लेन म्हणजे डेटा जायची वाट) स्लॉटात बसतात, पण आतून आठच लेन वापरतात. आरएक्स ६६००, आरएक्स ७६००, आरटीएक्स ३०५०, आरटीएक्स ४०६० ही सगळी आठ लेनची. आरएक्स ६५०० एक्सटी तर फक्त चार लेनचं. आठ लेनच्या कार्डाला पीसीआय एक्सप्रेस ३.० वर (या स्लॉटांच्या जोडणीची जुनी, ४.० पेक्षा संथ आवृत्ती) फारसा त्रास होत नाही. चार लेनच्या कार्डाला होतो, आणि ठळकपणे होतो.

ए५२० बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० वरच थांबतो. रायझन ५ ५५०० आणि ५६००जी हे प्रोसेसरही ३.० चेच. म्हणजे ए५२० वर ६५०० एक्सटी ही जोडी कितीही स्वस्त पडली तरी जमवू नये. एच६१० स्वस्त असूनही त्यावरचा ग्राफिक्स स्लॉट ४.० चा असतो, हे इंटेलच्या बाजूने सांगायला हवं.

आता ती गोम. आजची कार्डं जाड असतात. अडीच स्लॉटचं कार्ड प्रत्यक्षात तीन स्लॉटांची जागा खातं. मायक्रो बोर्डावर मोठ्या स्लॉटच्या लगेच खाली लहान एक लेनचा स्लॉट असेल तर तो कार्डाखाली गडप होतो. वायफाय कार्ड तिथे लावायचा बेत असेल तर तो तिथेच संपला. बोर्डाचा वरून काढलेला फोटो उघडा, मोठ्या स्लॉटपासून खाली तीन घरं मोजा आणि चौथ्यात काय उरतं ते बघा. काहीच उरत नसेल तर यूएसबी वायफाय, वायफायसकट येणारा बोर्ड, किंवा सरळ राउटरपासून केबल. ऑनलाइन खेळणाऱ्याने शक्य असेल तर केबलच ओढावी, हे माझं जुनं तुणतुणं.

काही बोर्डांवर खाली दुसरा लांब स्लॉट दिसतो. स्वस्त बोर्डांत तो आतून चार किंवा एकाच लेनचा असतो. ग्राफिक्स कार्ड नेहमी प्रोसेसरच्या जवळच्या लांब स्लॉटातच लावा.

पायरी ५: कॅबिनेट बोर्डापेक्षा एक माप मोठं

मायक्रो बोर्ड घेतला म्हणून कॅबिनेटही मायक्रोच घ्यायला हवं असं नाही. एटीएक्स बसेल असं मिड-टॉवर घ्या. खाली एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यात मोकळी जागा राहते, कार्डाच्या पंख्यांना हवा मिळते आणि पुढे एटीएक्स बोर्ड घेतला तरी कॅबिनेट बदलावं लागत नाही. आत बोर्ड लहान दिसतो, अर्धं घर रिकामं वाटतं, अशी तक्रार ऐकू येते. वाटू दे.

कॅबिनेटच्या तपशिलातले दोन आकडे बघायचे: ग्राफिक्स कार्डाची कमाल लांबी आणि प्रोसेसर कूलरची कमाल उंची, दोन्ही मिलिमीटरमध्ये. पुढची बाजू जाळीची हवी. समोर काच आणि आत दिव्यांची रोषणाई असलेली कॅबिनेट दुकानात छान दिसतात, पण नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद काचेमागे कार्ड भाजून निघतं.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर बोर्डावरच्या व्हीआरएमबद्दलही बोलू. प्रोसेसरला वीज पुरवणारे हे भाग सॉकेटच्या बाजूला असतात आणि भार आला की तापतात. सर्वांत स्वस्त बोर्डांत त्यांवर उष्णता ओढून घेणारं धातूचं हीटसिंक नसतं. ५८-६५ वॅटच्या आसपासच्या प्रोसेसरला ते चालून जातं. पण आय५-१२४००एफ नावाला ६५ वॅटचा असला तरी टर्बोत, म्हणजे वेग वाढवून पळताना, ११७ वॅटपर्यंत ओढू शकतो. उकाड्याच्या खोलीत, एसीशिवाय, तासन्‌तास खेळणार असाल तर निदान व्हीआरएमवर हीटसिंक असलेला बोर्ड निवडा. या कामात हीटसिंक असलेला मायक्रो बोर्ड हीटसिंक नसलेल्या एटीएक्सपेक्षा केव्हाही सरस.

एटीएक्स आणि मिनी-आयटीएक्स कुणी घ्यावा?

एटीएक्स घ्यायला दोन-तीनच कारणं पटतात: ग्राफिक्स कार्डाशिवाय आणखी दोन कार्डं नक्की लावायची आहेत, तीन-चार एम.२ एसएसडी हव्या आहेत, किंवा सवलतीत मायक्रोच्याच भावात चांगला एटीएक्स मिळतोय. शेवटचं कारण असेल तर खुशाल घ्या.

मिनी-आयटीएक्स बजेटवाल्याने टाळावा. त्याच चिपसेटचा बोर्ड लहान असूनही महाग पडतो, कॅबिनेट महाग, अनेक छोट्या कॅबिनेटांना एसएफएक्स या लहान मापाचा एसएमपीएस लागतो आणि तोही महाग. दोन रॅम स्लॉट, एकच विस्तार-स्लॉट. होस्टेलच्या खोलीत टेबलच दीड फुटाचं असेल किंवा पीसी दर सुट्टीत एसटीने गावी न्यायचा असेल तर गोष्ट वेगळी.

पायरी ६: दुकानात काय तपासायचं

मुंबईत लॅमिंग्टन रोड म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, किंवा तुमच्या गावातला ओळखीचा दुकानदार, कुठेही घ्या, पण काउंटरवरच डबा उघडायला लावा.

इंटेलच्या एलजीए सॉकेटात आणि एएमडीच्या एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात. प्लास्टिकचं झाकण काढून मोबाइलच्या टॉर्चखाली तिरकस नजरेने बघा. एकही पीन वाकलेली दिसली तर तो बोर्ड परत करा. वाकलेल्या पिना वॉरंटीत सहसा बसत नाहीत आणि घरी गेल्यावर कुणी वाकवली हा वाद कधी मिटत नाही. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, तिथे प्रोसेसर तपासा.

बायोसची, म्हणजे बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरची, आवृत्तीही विचारा. जुन्या साठ्यातला एच६१० किंवा बी६६० बोर्ड १४व्या पिढीचा प्रोसेसर ओळखेलच असं नाही, एएम४ चा जुना बी४५० बोर्ड रायझन ५००० मालिका ओळखेलच असं नाही. डब्यावर तसं स्टिकर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर दुकानदाराकडूनच बायोस अपडेट करून घ्या. प्रोसेसरशिवाय पेनड्राइव्हवरून बायोस टाकायची सोय काही बोर्डांवर असते, पण सर्वांत स्वस्त बोर्डांवर ती क्वचित.

पक्कं बिल घ्या आणि त्यावर बोर्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या. डबा माळ्यावर टाकला तरी चालेल, फेकू नका.

पायरी ७: बसवताना

कॅबिनेटमध्ये बोर्ड ठेवण्याआधी स्टँडऑफ मोजा. हे पितळी खुंट बरेचदा एटीएक्सच्या मापाने आधीच लावून येतात. मायक्रो बोर्डाची खालची भोकं वेगळ्या ओळीत येतात, त्यामुळे काही खुंट हलवावे लागतात. ज्या खुंटावर बोर्डाचं भोक येत नाही तो काढूनच टाका. राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होऊ शकतो, आणि मग पीसी सुरू का होत नाही हे शोधण्यात रविवार जातो.

चार रॅम स्लॉट असतील आणि पट्ट्या दोन, तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात लावा. बोर्डाच्या पुस्तिकेत हे चित्रासह दिलेलं असतं. प्रोसेसरच्या आठ पिनांची केबल वरच्या कोपऱ्यात जाते. मोठ्या कॅबिनेटमध्ये ती मागून फिरवताना कमी पडते का, हे बोर्डाचे स्क्रू आवळण्याआधी बघून घ्या.

खरं तर त्याहीआधी एक चाचणी करा. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवा, प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी, ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएसच्या केबली जोडा, आणि पुढच्या पॅनलच्या पिनांपैकी पॉवरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डातच लावा. नावापुढे एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरला किंवा रायझन ५ ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआय पोर्टातून चित्र येणारच नाही. बायोसची स्क्रीन दिसली, प्रोसेसरचं नाव आणि रॅम बरोबर दाखवली, की बंद करा, वायर काढा आणि मग बोर्ड कॅबिनेटमध्ये न्या.